काजिकावाच्या ॲम्प्लिफायरची गुणगुण

यासाकु काजिकावाने नागोयात आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले आणि स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर एकच बनवला, तोही बायकोसाठी. शिगेयो थेरेमिन वाजवायची. या वाद्याला हात लावायचा नसतो. त्याच्या दांडीजवळ हवेत हात हलवला की सूर चढतो, उतरतो. धरायला ना पट्टी ना तार, त्यामुळे पहिला सूर शोधताना भल्याभल्यांची भंबेरी उडते.

ॲम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचा होता, चहाच्या पत्र्याच्या डब्यावर बांधलेला, आणि सारखा गुणगुणायचा. सुटे भाग माझ्या दुकानातले, म्हणून खापर माझ्यावर. एकदा काजिकावा तो दुरुस्त करायला बसला तर शिगेयोनेच त्याचा हात धरला.

"राहू द्या ती गुणगुण. मी तिच्यावरूनच पहिला सूर पकडते. एक तरी चूक चांगली झाली तुमच्या हातून."

ती वारल्यावर काजिकावा मुलीकडे नुमाझूला राहायला गेला. महिन्याभराने त्याचा फोन आला.

"शिमोदा, तिचा आवाज बसलाय."

"ॲम्प्लिफायरचा म्हण."

"तीनदा खोलला. सगळं ठीक आहे. तरी आवाज खालीच."

मला चीड आली. फुजी नदीच्या अलीकडे, नागोयात, वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, पलीकडे पन्नास. हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. गुणगुण विजेचीच, ती खाली उतरणारच.

"चाळीस वर्षं काय हजामत केलीस? नदी ओलांडलीस, हे विसरलास?"

तो म्हणाला, "विसरलो होतो. ओबोनला सगळी गेलेली माणसं घरी येतात, तीही येईल ना रे. हे घर तिने पाहिलेलंसुद्धा नाही. त्या आवाजावरून ओळखेल म्हणून रोज लावून ठेवत होतो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर गुणगुणताना मला ऐकू येऊ लागला. मला त्याची भीती वाटायची, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची लाज.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी मी नुमाझूला पोचलो. सोबत मोटारीची बॅटरी आणि तिच्यावर साठची वीज देणारी, मी बनवलेली पेटी. काजिकावाने गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून दारात वाळक्या काड्या पेटवल्या आणि आत येऊन बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबडे झाले. गुणगुण आली, जुनी, नागोयातली.

थेरेमिन पलीकडच्या कोपऱ्यात चालू होतं, आम्ही दोघं दाराशी. त्याचा सूर खालून हळूहळू सरकत वर आला आणि गुणगुणीला मिळून तिथेच थांबला. वाद्य तापताना सूर आपोआप सरकतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही.

"बॅटरी किती टिकेल?" त्याने विचारलं.

"तासभर."

काजिकावा तिच्या रिकाम्या उशीकडे वळला, जिच्यावर बसून ती वाजवायची.

"ऐकलंस ना? तासभर आहे. सावकाश वाजव."