नॉर्मलचे पेढे

आमच्या यांचं बीपी नॉर्मल आलं, तेव्हा मी शहाणीने गल्लीभर पेढे वाटले आणि यांच्या गोळ्या बंद केल्या. बऱ्या माणसाला औषध कशाला, हे माझं तर्कट. डॉक्टरांना विचारायचं सुचलंही नाही. महिन्याभरात यांची उजवी बाजू लुळी पडली.

आज औषधांच्या दुकानात एक सून विचारत होती, "सासऱ्यांचं बीपी नॉर्मल आहे, मग गोळ्या कशाला?" चेहऱ्यावर माझाच तेव्हाचा आनंद. घरात कोरडं आहे म्हणून कुणी छप्पर काढतं का? तिचा हात धरून सगळं सांगितलं.

बाजू लुळी पडली तेव्हा यांना पेज भरवताना मी रडले होते. हे अडखळत म्हणाले होते, "पेढे मात्र छान होते गं."