प्रमाणपत्र आणि तारीख

राजूरच्या दूध संकलन केंद्रातला संगणक सर्व्हरला जोडला जाईना. सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र ग्राह्य नाही, असं पडद्यावर येत होतं. प्रोग्राम माझाच होता, म्हणून मी अकोल्याहून जीपने गेलो. प्रमाणपत्र तपासणाऱ्या लायब्ररीचा, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरलेल्या आयत्या संचाचा, कोड मी दुपारपर्यंत वाचला. तपासणीच बंद करून टाकावी, असंही मनात आलं.

तेवढ्यात दूध मोजणाऱ्या ताई म्हणाल्या, “सर, ह्याच्यात साल लई जुनं दिसतंय. चालतं का तसं?”

संगणकातला सेल संपून घड्याळ मागे गेलं होतं. त्या तारखेला हे प्रमाणपत्र तयारच झालेलं नव्हतं. मी तारीख बदलली आणि काम सुरू झालं.

अहवालात मी बिघाड शोधणाऱ्या ताईंचा उल्लेख केला. ऑफिसात माझ्या साहेबांनी विचारलं, “त्या कुठल्या टीममध्ये आहेत?”