तारण बघायला ब्रॅम्पटनला

आमच्या यांना शेअर म्हटलं की सट्टा वाटायचा. पण मंदीच्या आदल्या वर्षी हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यानं यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं, हातात एकरकमी पैसे ठेवले, आणि ते सगळेच्या सगळे यांनी एका फंडात घातले. फंड शेअर बाजारातला, पण काम सावकाराचं. दुकानांच्या नि गोदामांच्या इमारती तारण घेऊन मालकांना कर्ज द्यायचं आणि येईल ते व्याज दर महिन्याला आमच्यासारख्यांना वाटायचं.

"हा बाजार नाही गं, तारण आहे. विटा आहेत विटा," हे म्हणायचे. सासऱ्यांचा वाईला सोनं गहाण घेऊन पैसे द्यायचा धंदा होता. कर्ज बुडालं तर दागिना आपल्या कपाटात, हे यांचं बाळकडू. पासष्टाव्या वर्षी पेन्शन सुरू होईपर्यंत त्या व्याजावर घर चालवायचं आणि पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही, असं ठरलं.

फंडानं कर्ज दिलेल्या इमारतींत तासाभरावरच्या ब्रॅम्पटनचा एक प्लाझा, म्हणजे दुकानांची रांग, निघाला. झालं. दर शनिवारी गाडी काढून आम्ही आपलं तारण बघायला जाऊ लागलो. हे पार्किंगमधल्या गाड्या न्याहाळायचे. दुकानं चालली तर भाडं येईल, भाडं आलं तर हप्ते भरले जातील, म्हणून मी ग्रोसरी तिथेच करायची असा हुकूम सुटला. कोथिंबीर महाग, वर अर्धी पिवळी. मी कुरकुरले की हे म्हणायचे, "आपलं कूळ आपणच नको का सांभाळायला?"

मंदी आली तसं आधी साड्यांचं दुकान बंद झालं, मग ट्रॅव्हल एजंट गेला. काचांवर 'फॉर लीज'चे कागद लागले. फंडाचा भाव निम्म्यावर आला.

"अहो, विकून टाकू या. मिळेल ते पदरात पाडून घेऊ," मी म्हटलं.

"आणि एवढा लॉस बुक करू? मालकानं पेमेंट थांबवलं तर बिल्डिंग फंडाची होईल. म्हणजे आपलीच की."

घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. जेवतानाही यांचा डोळा कॉम्प्युटरवर. मला यांचा भयंकर राग यायचा, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटायची.

शेवटी एका सकाळी मीच फंडाच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर, यांना शेजारी बसवून. मालकानं हप्ते थांबवले तर प्लाझा तुमचाच ना, असं विचारलं. पलीकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली, "मॅम, दॅट वन इज अ सेकंड मॉर्गेज."

म्हणजे पहिलं तारण एका बँकेकडे. प्लाझा विकला तर आधी बँक आपले पैसे काढून घेणार, काही उरलं तर फंडाला. अर्ध्या रिकाम्या प्लाझातून काय उरणार होतं ते आम्ही दर शनिवारी बघतच होतो.

"एकच दागिना दोघांकडे गहाण?" हे म्हणाले. "बाबांनी असल्या माणसाला दारात उभं केलं नसतं." कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तू विक. माझ्याच्यानं बटण दाबवणार नाही."

मी दाबलं. निम्म्याहून कमी पैसे परत आले. पुढच्याच महिन्यात फंडानं व्याज वाटणं थांबवलं आणि भाव आणखी कोसळला. मग हे मराठी मंडळात ज्याला त्याला सांगत सुटले, "हिनं वाचवलं आम्हाला." मला ते कौतुक ऐकवत नसे. हाती राहिलेले पैसे पेन्शनपर्यंत पुरणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जानेवारीत यांना एका गोदामात काम मिळालं. जन्मभर इंजिनिअर म्हणून मिरवलेला माणूस, आता खोकी हलवणार. पहिल्या सकाळी मी पोळीभाजीचा डबा भरून हातात दिला. हे बुटाचे बंद बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "अजून एक भर. शिफ्ट बारा तासांची आहे."