हिरव्या गवतावरची पंगत

“त्यायले मांगून बसू द्या. त्यायले सवय आहे,” स्वयंपाकीण मावशी चुलीत लाकूड सारत, कुंपणाशी बसलेल्यांकडे मान करून दुसरीला म्हणाली. मी दाराआड पुस्तक घेऊन उभी होते. त्या वर्षी तलाव भरले नव्हते, धान उभ्या उभ्या करपले होते. साकोलीजवळच्या त्या मिशनच्या शाळेत दुपारी गावाला कण्यांची खिचडी मिळायची. मी तिथं नवी शिक्षिका होते. वाढण्याआधी शुभवर्तमानातला उतारा वाचून दाखवणं माझ्याकडे होतं.

उतारा रोज तोच, थोड्या भाकरींत हजारोंना जेवू घातल्याचा. पण तो चार शुभवर्तमानांत चौघांनी सांगितला आहे आणि चौघांचं सारखं नाही. मत्तय पुरुष मोजतो. बाया-पोरं जेवली, पण मोजणीत नाहीत. लूक पन्नासापन्नासांचे गट करतो. योहानाकडे येशू स्वतः वाढतो, बाकीच्यांकडे शिष्य. मार्क लोकांना हिरव्या गवतावर बसवतो, पंगती पंगतींनी. लहानपणी माझ्या शाळेत इंग्रजीत वाचताना ते गवतच काय ते डोळ्यांपुढे यायचं. मराठीत ‘पंगत’ हा शब्द तोंडातून बाहेर काढताना माझी नजर अंगणात बसलेल्या रांगांकडे जायची. पहिल्या पंगतीत कोण होतं, हे चौघांपैकी एकानंही लिहिलेलं नाही. सगळे पोटभर जेवले, एवढ्यावर मात्र चौघंही ठाम आहेत.

आमच्या अंगणात गवत नव्हतं. पुढं कास्तकारांची घरं बसायची, मागं कुंपणाशी बौद्धांची. वाढणं पुढून सुरू व्हायचं आणि खिचडीचा गंज मागं पोहोचेपर्यंत तळ खरवडण्याचा आवाज यायचा. शेवटी एक बाळंतीण बसे. वाट्याला काही आलं नाही की ती कोरी पत्रावळ पुसून, घडी करून उद्यासाठी घेऊन जायची. बाळ आधी रडायचं. त्या आठवड्यात ते रडेनासं झालं होतं.

सगळ्यांना एकत्र का बसवत नाही, असं मी शाळा चालवणाऱ्या सिस्टरांना एकदा हळूच विचारलं होतं. त्या कठोर नव्हत्या. एकत्र बसवून पाहिलं होतं, म्हणाल्या, तर पुढचे लोक पोरांना उपाशी उठवून घेऊन गेले. ती पोरंही भुकेलीच आहेत, म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट होती. इंग्रजी बोलते म्हणजे मी ख्रिस्ती, असं गावानं परस्पर ठरवलं होतं. भंडाऱ्याला आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, वडिलांनी दीक्षा घेतलेली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मावशी मला तिच्या लोट्यातलं पाणी द्यायची.

त्या दुपारी मी मार्क वाचला. पुस्तक मिटलं, एक पत्रावळ उचलली आणि कुंपणाकडे चालत गेले. बाळंतिणीनं पदर आवरून जागा केली. बाळाचे डोळे अर्धे उघडे होते. पुढच्या पंगतीतल्या माना वळल्या. एक म्हातारा नातवाचा हात धरून उठू लागला.

“टीचरबाई, तिकडं कायले बसून राहिल्या?” मावशी पळी हातात धरून म्हणाली. “इकडं वर या.”

शाळेत गेल्यापासून घरची बोली मी चारचौघांत कधी बोलले नव्हते.

“मी ह्याच लोकायतली आहो, मावशी. आज इथूनच वाढा.”