धाब्याखालची खोली

माझे वडील, लोटननाना, भडगावजवळच्या आमच्या गावात जन्मभर धाब्याखाली झोपले. लाकडी सरांवर हातभर माती, असं ते छप्पर. दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की नाना स्वतः वर चढत आणि नवी पांढरी माती पसरत. दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे. माझा भाऊ अमृत फक्त टोपल्या वर द्यायचा. बाहेर जमीन तापलेली असायची, पण त्या खोलीत भर दुपारी पायांवर गोधडी घ्यावी लागे.

यंदा आखाजीच्या आधीच त्यांची छाती भरली. जळगावला दवाखान्यात ठेवलं. वॉर्ड सगळ्यात वरचा, डोक्यावर गच्ची, खिडकी मावळतीची. कबुतरं शिरतात म्हणून तीही ठोकून बंद केलेली. पंखा होता, तो गरम हवाच खाली ढकलायचा. गादीवरच्या रेक्झिनला नानांची पाठ चिकटायची, कूस वळताना कळवळायचे. मी ओला पंचा अंगावर टाकायची, तो लगेच वाळायचा. उशाखाली सप्तशृंगीचा अंगारा ठेवला होता.

पहिले काही दिवस थट्टा तरी करत. सिस्टरला म्हणाले, "माय, या भिताडवर भाकर थाप, शेकाई जाई." ती हसली. मग थट्टा संपली, जेवणही सुटलं. एकच घोकायचे, "माले घर लई चाला. मन्ही खोलीमा गारवा शे."

डॉक्टरांनी अमृतला बाजूला घेऊन सांगितलं, औषधांनी होण्यासारखं आता काही राहिलं नाही. चार दिवसांनी घरी न्या, फक्त धूळ-माती अंगावर पडू देऊ नका. धाब्यातून तर माती गळतेच. अमृत त्याच दिवशी गावी गेला. माणसं लावून त्यानं धाबं उतरवलं, वर पत्रे टाकले, खाली पांढरंशुभ्र सीलिंग लावलं. दवाखान्यात होतं अगदी तसं. मलाही सांगितलं नाही. नानांना दाखवून खूश करायचं होतं त्याला.

गाडीत नाना शांत होते, गिरणेचा पूल आला तेव्हा थोडं हसलेसुद्धा. खाटेवर निजवलं तेव्हा भर दुपार होती. वर पत्रा कडकड वाजत होता. नाना बराच वेळ त्या पांढऱ्या छताकडे बघत राहिले. मग अमृतला म्हणाले, "भाऊ, आपुन आजून दवाखानामाच शेत का?"

अमृत बादली घेऊन पत्र्यावर चढला आणि पाणी ओतत राहिला. पाणी वरच्यावर वाफ होऊन जात होतं.

हे आपलंच घर, असं मी नानांना परोपरीनं सांगितलं. भिंतीतला देवाचा कोनाडा दाखवला, हात धरून भिंतीला लावला. भिंतही तापली होती. त्यांनी हात काढून घेतला.

आधी मी देवीकडे त्यांचं आयुष्य मागत होते. नंतर वाऱ्याची एक झुळूक मागितली, तीही आली नाही. नाना शेवटपर्यंत विचारत होते, घर कव्हय जानं शे.

धाब्याची माती अंगणात तशीच पडली आहे. गल्लीतलं कुत्रं दुपारी ती उकरून आत निजतं. अमृत त्याला हाकलत नाही.