ट्रिप्सिन संपलं त्या दिवशी

मला अजूनही राग येतो, आणि आता शिव्या घालायला समोर कोणी उरलेलं नाही, मी सोडून.

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत एक इवलीशी कुपी आली होती. तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडी, हिरवा रंग जोडलेली. पेशीच्या अंगावर लोह आत ओढून घेणारा जो रिसेप्टर असतो, नेमकी त्यालाच ती चिकटते आणि पेशी चमकतात. आमच्या चमकेनात. महिनाभर नुसता काळोख. मी कंपनीला झापलं, कुरिअरवाल्याला झापलं, बर्फ कमी भरला म्हणून थर्माकोलच्या डब्याला लाथसुद्धा मारली. पायच दुखला.

मग एका सोमवारी, उमरीहून रोज ये-जा करणारी माझी पीएचडीची विद्यार्थिनी फोटो घेऊन आली. लख्ख हिरव्या पेशी!

"मला महिनाभर जमेना, आन् तुला जमलं?"

"सर, त्या दिवशी ट्रिप्सिन संपलं होतं, म्हणून मी..."

"कारणं नको. फोटो कुठून उचललास?"

हे सगळ्यांसमोर. वर मी स्वतः प्रयोग करून पाहिला. पुन्हा काळोख. म्हणजे पोरगी खोटारडी, सिद्ध झालं! तिचा अहवाल सही न करता ड्रॉवरमध्ये कोंबला.

लातूरला माझे जुने सर असतात. चोर पकडल्याची शाबासकी घ्यायला त्यांना फोन लावला.

"बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवतोस कशानं?"

"ट्रिप्सिननं. नेहमीसारखं. चांगली पंधरा मिनिटं."

"वा! ट्रिप्सिन प्रथिनं कापतं, आन् तो रिसेप्टर प्रथिनाचाच हाय. आधी वस्तऱ्यानं मिशी काढतो आन् मग आरशात मिशी हुडकतो व्हय रे?"

आणि हे मी दरवर्षी शिकवतो. फळ्यावर कात्री काढून!

तिनं थंड ईडीटीए, म्हणजे प्रथिनं न कापता पेशींची पकड सैल करणारं रसायन, टाकून पेशी अलगद सोडवल्या होत्या. वहीत तारखेनिशी लिहिलंही होतं. ती वही मी उघडलीच नव्हती.

अहवालावर सही केली, तिला कोपऱ्यात गाठून हळूच माफी मागितली. तिनं अहवाल घेतला नाही.

"वरडलात तवा सगळे होते, सर."

सगळ्यांना बोलावलं. तिनं वही उघडून माझ्या हातात दिली. मी वाचू लागलो. 'ट्रिप्सिन संपले आहे' इथवर येऊन वही मिटू लागलो.

"पुढं वाचा, सर," ती म्हणाली.

पानभर वाचलं. मग तिनं सही नीट निरखली आणि अहवाल घेतला.