मागचं बघायला

ज्या एसटीनं मी मंद्रूप सोडलं, ती गावाबाहेर पडताच थांबली. आणि थांबवली कुणी? आमच्याच मेंढरांनी! ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून हलेना, मी खिडकीत लाजून चूर. मेंढरांमागून माझे वडील, अण्णा, सावकाश खिडकीपाशी आले. "जा की. मागं नगं बघू. मागचं बघायला मी हाय." आई सकाळपासून रडत होती, अण्णा तेवढंच बोलले.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, हसा खुशाल. सोलापूर तासाभराच्या वाटेवर, त्याला काय परदेश म्हणायचा? पण गावात माझ्या उंचीमुळं नवरा कुठून आणायचा ही सगळ्यांना काळजी, आणि कॉलेजात त्याच उंचीवर मला बास्केटबॉलच्या संघात घेतलं. खेळले, शिकले, तिथंच मुलींची कोच झाले. तोंडात डिफेन्स, टाइमआउट असलं काय काय आलं. आई म्हणायची, "काय बोलतीया, देवालाच ठावं."

नोकरी वर्षाच्या कराराची. फायनल जिंकली तरच पुढचं वर्ष, असं मला बजावलेलं. फायनलच्या दिवशी अण्णा पहिल्यांदाच सामना बघायला आले, खांद्यावर घोंगडं टाकून माझ्या मागच्या बाकावर बसले. शेवटची पाच मिनिटं राहिली, आम्ही दोन गुणांनी पुढं. मागून आवाज आला, "पाच नंबरची लंगडतीया. बसीव तिला."

पाच नंबरची म्हणजे श्रावणी, विणकराची लेक, संघातली सगळ्यात भारी खेळाडू. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, ही मेंढरं न्हाईत!"

"पाय समद्यांचं सारकंच दुखत्यात की."

सामनाभर मी चेंडू बघत होते. आता तिचे पाय बघितले. उजव्या पायावर ती भारच देत नव्हती. बसवली तिला. ती रडली, सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडली. आणि आम्ही हरलो. डॉक्टर म्हणाले, आणखी एक उडी मारली असती तर गुडघा कायमचा गेला असता.

करार गेला. वर्षभर मी चिंचोळीच्या एमआयडीसीत खोकी भरली. पण त्या पोरींनी प्राचार्यांची पाठ सोडली नाही, आणि पुढच्या जूनला मी परत मैदानावर! श्रावणी आज माझी सहायक कोच आहे, अजूनही ओरडते माझ्यावर. देवा, लई दिलंस.

अण्णा आता थकलेत, मेंढरं विकली. गावी गेले की आई मला पाहुणीसारखा कपबशीत चहा देते, तेव्हा जरा लागतं. पण घर कुठलं विचाराल, तर मी अण्णांच्या एका फोनकडं बोट दाखवीन. संघ बाहेरगावाहून परतला की तो येतोच.

"समदी आली का?"

"व्हय अण्णा. बाराच्या बारा."

"आन् तू?"